भेळेचे ऐंशी रुपये

सांगलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. वय ५६. यजमान दोन वर्षांपूर्वी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, मुलगा पुण्यात नोकरीला. त्या स्वतः वीसेक वर्षं घरीच ब्लाउज आणि फॉल-पिको करतात. गेल्या दिवाळीत मुलानं आईला नवा फोन दिला, दोघांच्या संयुक्त खात्यावर यूपीआय चालू करून दिलं, गिऱ्हाइकांसाठी क्यूआर कोडही छापून शिलाई मशीनला चिकटवून दिला. सोय खरोखर झाली, असं त्या मोकळेपणानं लिहितात. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, वीजबिलाची रांग गेली. पण खात्यातून रुपया हलला की संदेश दोघांच्याही फोनवर येतो. धाकट्या बहिणीला त्या अधूनमधून पाचशे-हजार देतात, महिना हजाराची भिशी आहे, कधी मैत्रिणीबरोबर बाहेर खाणं होतं. एका मंगळवारी रात्री जेवताना यजमानांनी विचारलं, “साडेचार वाजता भेळेला ऐंशी रुपये? कोण होतं बरोबर?” विचारलं हसत हसतच. यांचा घास मात्र घशात अडकला.

पूर्वी त्यांचे पैसे तूरडाळीच्या डब्यात असायचे. नोटाबंदीत त्या डब्यातून साडेतेवीस हजार निघाले, आणि ती गोष्ट यजमान आजही पाहुण्यांना रंगवून सांगतात. आता पुन्हा रोखीवर जावं असं त्यांना वाटतंय. मुलगा म्हणतो, “आई, लपवण्यासारखं काही नसेल तर बिघडलं कुठे?” पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय: “मी मागासलेली आहे की चोरटी, तेवढं सांगा.”

ताई,

पत्र वाचून मी आधी उठले आणि माझ्या स्वयंपाकघरातला साबुदाण्याचा डबा उघडून बघितला. आहेत. दोनशेच्या चार, शंभराच्या सहा-सात आणि एक मऊ पडलेली पन्नासची. घरात कुणाला ठाऊक नाहीत, आणि झाल्या तरी आभाळ कोसळणार नाही. तरीही मी त्या तिथेच ठेवते. (हे छापून आल्यावर जागा बदलावी लागेल, तो भाग वेगळा.) तेव्हा तुम्ही चोरट्या असाल, तर या सदराची लेखिकाही तुमच्याच रांगेत उभी आहे.

आधी चिरंजीवांचं वाक्य घेऊ. ऐकायला बिनतोड वाटतं ते. पण न्हाणीघराला आपण कडी लावतो ती आत काही गुन्हा चाललेला असतो म्हणून का? त्याचा स्वतःचा फोन त्याचं बोट लागल्याशिवाय उघडत नाही, मग त्यातही काही काळंबेरं आहे असं समजायचं का? पुढच्या खेपेला तो सांगलीला आला की जेवताना प्रेमानं म्हणा, “बाळा, तुझ्या खात्याचा गेल्या महिन्याचा उतारा जरा मोठ्यानं वाच बघू, बाबांनाही ऐकू दे.” तो वाचणार नाही. आणि त्याचं बरोबरच असेल.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला नागरिक आणि सरकार यांच्यातला होता, पानावर बसलेल्या नवरा-बायकोचा नव्हता. घरात कुणी कलमं काढून बसत नाही, बसूही नये. पण ‘लपवण्यासारखं काही नसेल तर’ हा युक्तिवाद तिथेही कोणी कोणी करत होतं, आणि तिथेही तो टिकला नाही, एवढं मुलाला सांगायला हरकत नाही.

आता बहिणीचे पाचशे. ते का द्यावे लागतात हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी विचारणार नाही. पण त्या पाचशेत तुमच्यापेक्षा तिची लाज जास्त गुंतलेली असते, हे आपल्या बायकांना न सांगता कळतं. पूर्वी तुम्ही निघताना तिच्या मुठीत नोट सरकवत होतात, ती “कशाला गं” म्हणत होती आणि मूठ मिटत होती. आता तिचं नाव, तारीख, वेळ आणि रक्कम अशी चार खान्यांची नोंद तुमच्या यजमानांच्या खिशात जाऊन पडते. उद्या दिवाळीला ती माहेरपणाला आली, की तिच्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढताना कुणाच्या तरी मनात ती नोंद असणार. तिनं याला होकार दिला होता का? तुम्ही हे यजमानांपासून लपवताय असं तुम्हाला वाटतं. मला तर तुम्ही बहिणीची झाकली मूठ सांभाळताय असं दिसतं.

म्हणून सगळंच पुन्हा रोखीवर न्यावं का? इथे मी तुम्हाला थोडं अडवणार आहे, कारण रोख म्हणजे खासगी हे गृहीत धरून तुम्ही लिहिलंत, आणि त्याच पत्रात साडेतेवीस हजारांची गोष्टही सांगितलीत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवसापासून महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांतले डबे एकेक करून उघडे पडले. बायका पैसे साठवतात ते मोठ्या नोटेतच, कारण जागा कमी लागते. त्याच नोटा गेल्या. सरकारनं सांगितलं होतं की गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरणा केला तर चौकशी होणार नाही. घरातल्या चौकशीला तशी मर्यादा कुणी घातली नाही. तुमची गोष्ट पाहुण्यांना सांगून सगळे हसतात, त्यात तुम्हीही हसत असाल. पण त्या रात्री डबा तुम्ही स्वतः उघडला नव्हता, तो उघडावा लागला होता. भेळेच्या प्रश्नानं घास अडकला त्याचं मूळ मला तिथे दिसतं. भेळ बिचारी निमित्त.

आणि सांगलीकरांना मी पाण्याबद्दल काय सांगावं? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. किती घरांत माळ्यावर ठेवायचं राहून गेलेलं पहिल्यांदा भिजलं. भिजलेल्या, फाटक्या नोटा बँका बदलून देतात, रिझर्व्ह बँकेचे तसे नियम आहेत. पण काउंटरवर त्या मोजताना घरचं कुणीतरी शेजारी उभं असतंच.

आता यजमान. मी त्यांना ओळखत नाही, तेव्हा तुमच्या पत्रातूनच अंदाज बांधते. कोणत्या फाट्याला किती पाणी सोडलं याचा हिशेब ज्यांनी नोकरीभर ठेवला, त्यांच्या हातात आता दिवसभरात दुसरं काही येत नाही आणि तुमच्या भेळेचा संदेश मात्र टुंग वाजवून येतो. माणूस वाचणारच. वाचलं की विचारणारच. नोकरीत असताना पहिल्या तारखेला घरखर्चाचे पैसे दिल्यावर मधल्या तीस दिवसांत त्यांनी कधी हिशेब मागितला होता का? तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी धरून चालते की नव्हता. म्हणजे ही सवय त्यांची मूळची नाही, फोननं लावलेली आहे. फोननं लावलेली सवय सोडवता येते. (सांगलीत राहून भडंग सोडून भेळ का, एवढं मात्र मीही विचारलं असतं.)

त्यांच्याशी बोला, पण ताटावर नको. सकाळच्या चहाला, पेपर अजून उघडायचा असेल तेव्हा. आणि थोडक्यात बोला: “पैसे किती गेले ते तुम्ही विचारा, मी सांगेन. पण कुठे होते, कोण होतं, किती वाजले, हे असं विचारलंत की मला नोकरीवर असल्यासारखं वाटतं.” बहुतेक पुरुष यावर आधी गप्प बसतात आणि मग “मी सहज विचारलं” म्हणतात. त्यांना तसं म्हणू द्या. सहजच विचारलेलं असतं बऱ्याचदा.

एक गोष्ट मात्र इथेच सांगते, कारण याच विषयावर आलेल्या इतर पत्रांत ती होती. घरात पैसे मागूनही मिळत नसतील, कमाई काढून घेतली जात असेल, फोन हिसकावून व्यवहार तपासले जात असतील, तर तो निवृत्त माणसाचा रिकामा वेळ नव्हे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळ हाही छळच धरलेला आहे. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. अशा घरात डबा लपवण्याच्या युक्त्या सांगणं म्हणजे ताप आलेल्याला पंखा लावण्यासारखं होईल.

तुमचं तसं दिसत नाही. पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे जे तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात, आणि मी तिथेच थांबले. मशीनला चिकटवलेला क्यूआर कोड.

ताई, तो कोड कोणत्या खात्याचा आहे? संयुक्त. म्हणजे फॉल-पिकोचे शंभर-सव्वाशे, अस्तराच्या ब्लाउजची शिलाई, लग्नसराईतली रात्र-रात्र जागून केलेली कामं, हे सगळं गेल्या दिवाळीपासून थेट त्या खात्यात जातंय. पूर्वी गिऱ्हाईक हातावर पैसे टेकवायचं, तुम्ही ते डब्यात टाकायचात, आणि बहिणीचे पाचशे, भिशीचे हजार त्यातून निघायचे. तेव्हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण ते तुमच्या कमाईचे होते. आता तेच पैसे घरच्या मोठ्या हौदात पडतात आणि तुम्ही तांब्याभर घेतलंत तरी नोंद होते. तुम्हाला वाटतंय की फोनमुळे खर्च दिसू लागला. त्याआधी आणखी एक गोष्ट झाली आहे: तुमची कमाई वेगळी दिसेनाशी झाली आहे. मुलानं हे मुद्दाम केलं असं मी अजिबात म्हणत नाही. त्याच्या डोक्यात घर एक, खातं एक. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमात बाईच्या पूर्ण मालकीच्या संपत्तीत तिनं स्वतःच्या कौशल्यानं आणि कष्टानं मिळवलेली संपत्तीही स्पष्ट शब्दांत धरलेली आहे. तुमचं मशीन त्या शब्दांत चपखल बसतं.

तेव्हा पहिलं काम: स्वतःच्या एकटीच्या नावानं बचत खातं उघडा. शिल्लक ठेवायची अट नसलेलं साधं खातं मागा, बँकांना ते द्यावं लागतं. आधार, पॅन, दोन फोटो. अर्जात मोबाइल नंबराच्या जागी फक्त तुमचाच नंबर घाला, ईमेलच्या जागी मुलाचा ईमेल नको. काउंटरवरची व्यक्ती विचारेल, “मिस्टरांचं नाव जोडायचं का?” हसून “नको” म्हणायचं, कारण द्यायची गरज नाही. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे दीड हजार बाईच्या स्वतःच्या खात्यात येणार म्हटल्यावर हजारो बायका अशाच रांगेत उभ्या होत्या. यजमानांची पेन्शन असल्यानं तुम्ही त्या योजनेत बसला नसाल, पण रांग कशी लावायची हे त्या बायकांनी बँकवाल्यांनाही शिकवून ठेवलंय.

हे खातं चोरून उघडू नका. चहाला बोलाल तेव्हाच सांगून टाका की शिलाईचं खातं वेगळं करतेय. खातं आहे हे घराला माहीत, खात्यात काय हालतं हे तुम्हाला माहीत, एवढी रेघ पुरे. आणि नामनिर्देशन नक्की करा, मग ते यजमानांचं असो, मुलाचं असो की बहिणीचं. बायकांची कितीतरी खाती कुणाला ठाऊक नसतात म्हणून तशीच पडून राहतात. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात आणि मग वारस ‘उद्गम’ पोर्टलवर नाव शोधत बसतात. डाळीच्या डब्याचंही तेच आहे. मी आज माझ्या साबुदाण्याच्या डब्याबद्दल भाचीला सांगून ठेवलं.

मग फोनवर त्या खात्याचं यूपीआय. मुलगा कदाचित ‘यूपीआय सर्कल’ सुचवेल, म्हणजे त्याच्या किंवा बाबांच्या खात्यातून तुम्ही महिना पंधरा हजारांपर्यंत खर्च करायचा. ज्यांना खातंच नाही किंवा ज्यांना व्यवहारात कुणाची मदत हवी आहे त्यांना ती सोय चांगली आहे. तुमच्यासाठी नाही, कारण तिथे प्रत्येक खर्च मूळ खातेदाराला दिसतो. आपण जिथून निघालो तिथेच परत येऊ.

त्याऐवजी ‘यूपीआय लाइट’ चालू करा. त्यात पाच हजारांपर्यंत पैसे आधी भरून ठेवायचे आणि हजारापर्यंतची रक्कम पिन न टाकता द्यायची. बँकेच्या उताऱ्यात फक्त पैसे भरल्याची एक ओळ येते, भाजी, भेळ, रिक्षा अशी यादी येत नाही. यादी असते ती तुमच्या फोनमधल्या ॲपमध्ये. पिन लागत नाही म्हणूनच फोनला कुलूप हवं आणि त्यात पाच हजार कोंबून ठेवण्यापेक्षा हजार-दोन हजारच ठेवावेत, पाकिटात ठेवतो तसे. आणखी एक बारीक गोष्ट: फोन टीव्हीशेजारी पडलेला असताना बंद पडद्यावरही संदेशाचा मजकूर दिसतो. सेटिंगमध्ये जाऊन तो मजकूर झाकता येतो. मुलालाच विचारा, त्यानं स्वतःच्या फोनवर केव्हाच केलेलं असेल.

रोख सोडू नका. बहिणीला रोखच द्या, मघाची मूठ आठवून. देवळात, कामवाल्या मावशींच्या हातावर दिवाळीला, आणि जिथे जाण्याची नोंद नको असं वाटतं अशा डॉक्टरांकडेही रोख द्यावी. लक्षात घ्या, फोनवरून दिलेला पैसा तुमची बँक, समोरच्याची बँक, ॲपची कंपनी आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय, इतक्यांच्या नोंदीत जातो. वर दुकानातला डबा “ऐंशी रुपये प्राप्त झाले” असं सगळ्या पेठेला ओरडून सांगतो, ते वेगळंच. भेळेसाठी याची काळजी करण्यात अर्थ नाही. औषधांच्या चिठ्ठ्यांवरून माणसाचं बरंच काही कळतं, तिथे मी करते.

भिशीचं मात्र उलट करा. महिना हजार म्हणजे वर्षाला बारा हजार, आणि भिशी चालवणाऱ्या वहिनी कितीही सज्जन असल्या तरी ओट्यावरच्या भिशीला कायद्याचं छत्र नसतं. वाद झालाच तर फोनवरची नोंद कामी येते. जिथे उद्या पुरावा लागू शकतो तिथे यूपीआय, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

गिऱ्हाइकांचे पैसे फोनवर घेतले की टॅक्सवाले येतात, ही भीतीही तुमच्या पत्रात एका ओळीत आहे. ती बंगळुरूहून आलेली असावी. जुलै २०२५ मध्ये तिथल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बऱ्याच टपऱ्यांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. पण सेवेच्या धंद्याला नोंदणी लागते ती वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली तर. एका मशीनवर वीस लाखांचे ब्लाउज शिवलेत तर मला कळवा, मी मुलाखत घ्यायला येईन.

याच विषयावर तरुण मुलींची पत्रं आली आहेत. रिक्षावाल्याला किंवा दुकानदाराला पैसे दिले आणि रात्री ‘हाय’ आला. मुलींनो, बहुतेक ॲप यूपीआय आयडी तुमच्या मोबाइल नंबरावरूनच बनवून देतात. ॲपच्या प्रोफाइलमध्ये नंबर नसलेला दुसरा आयडी करता येतो, तो करा आणि तोच वापरात ठेवा. समोरच्याला नंबर सांगून पैसे देण्यापेक्षा कोड स्कॅन करा. ‘हाय’ थांबला नाही तर ब्लॉक, आणि पुढे तक्रार. आणि सगळ्यांसाठीच: पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही. फसगत झाली तर मागचापुढचा विचार न करता १९३० ला फोन लावा, जितक्या लवकर तितकं बरं.

तर ताई, मशीनवरचा तो कागद. नव्या खात्याचा कोड आला की जुना काढायचा आहे. मुलानं चांगल्या गोंदाचा लावला असेल आणि नखानं निघणार नाही. थोडं खोबरेल तेल लावून पाच मिनिटं थांबा आणि कडेनं हळूहळू सोलत या. मशीनचा रंग जात नाही. मी केलंय.